घुमारा किती हवा?

आवाज थांबल्यावर मागे जे उरते, त्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. प्रतिध्वनी आहे, पडसाद आहे, निनाद आहे, घुमारा आहे. ‘पडसाद’ हा शब्द तर मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहितो : संस्कृतातल्या ‘प्रतिशब्दा’चा प्राकृतात ‘पडिसद्द’ झाला आणि तोच झिजत झिजत आपल्या ओठी आला. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेपर्यंत इमानाने विसरतात. पण गेल्या श्रावणापासून हे चार शब्द माझ्या घरात असा काही धुमाकूळ घालीत आहेत, की “हे ध्वनिमुद्रण चालले आहे की दुसऱ्या एम.ए.ची तयारी?” असे सौभाग्यवतींनी एकदा विचारलेच.

कारण झाली माझी मावशी. तिला या भाद्रपदात ब्याऐंशी पुरी झाली. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. किती येतात हे तिला स्वतःलाही ठाऊक नाही, कारण त्या तिने कधी मोजून म्हटल्या नाहीत. जाते गेले, पिठाची गिरणी आली, तीही गेली आणि पिशवीतले पीठ आले. पण ओव्या राहिल्या. मात्र गेल्या वर्षापर्यंत जी ओवी ती एका दमात संपवी, तिच्या शेवटच्या चरणाआधी आता श्वास घ्यावा लागतो. तेव्हा जे करायचे ते लवकर, एवढे घरात सर्वांना न बोलता कळले होते. काय करायचे, यावर मात्र मतभेद.

आमच्या पुतण्याने पहिल्याच दिवशी निकाल दिला. “काका, माइक तर घ्याच, पण खरी जान हवी असेल तर रिव्हर्ब हवा. एक चांगला इफेक्ट्स प्रोसेसर घेऊन टाका.” आणि त्याने आपल्या मित्राकडची एक चपटी पेटी आणून, मावशीच्या दोन ओव्या तिच्यातून फिरवून मला हेडफोनवर ऐकविल्या. पेटीवर त्या वेळी ‘कॅथेड्रल’ असे नाव लागले होते. विठोबाला माहेरचा निरोप सांगणारी मावशी एकाएकी युरोपातल्या एखाद्या भव्य ख्रिस्तमंदिरात उभी राहून बोलू लागली. ऐकायला वाईट होते असे नाही. अंगावर काटासुद्धा आला. पण तो काटा मावशीचा नव्हता, त्या छताचा होता.

रिव्हर्ब म्हणजे प्रतिध्वनी नव्हे, हे आधी स्पष्ट केलेले बरे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोरची भिंत सतरा मीटरवर असली, तर टाळीचा आवाज दहाव्या हिश्शाच्या सेकंदाने परत येतो आणि वेगळा ऐकू येतो, तो प्रतिध्वनी. विजापूरच्या गोलघुमटात शाळेच्या सहलीला गेलेल्या प्रत्येकाने तो ओरडून अनुभवलेला असतो. पण खोलीत भिंती जवळ असतात. आवाज त्यांच्यावरून, छतावरून, फरशीवरून हजारो वाटांनी इतक्या लगोलग परततो, की कान ते वेगवेगळे मोजीत नाही. मूळ सुराला एक शेपूट फुटल्यासारखे वाटते. ते शेपूट म्हणजे रिव्हर्ब. मी त्याला घुमारा म्हणतो.

या घुमाऱ्याचे शास्त्र जन्माला आले तेही एका मास्तराच्या अडचणीतूनच. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे फॉग कलासंग्रहालय उघडले, आणि त्यातल्या व्याख्यानगृहात व्याख्यात्याचे अक्षर कळेना. बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळे. तेवढ्यात पुढचे दहाबारा शब्द त्याच्या अंगावर येऊन पडत. (आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात हे अजून विनासायास साधते.) भौतिकशास्त्राचे तरुण प्राध्यापक वॉलेस सॅबिन यांच्याकडे हे दुखणे आले. त्यांनी रात्री, बाहेरचा गलबला निमाल्यावर, शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, एकेक रांग मांडायची, ऑर्गनची नळी वाजवायची आणि घड्याळ लावून आवाज विरेपर्यंतचे सेकंद मोजायचे. सकाळच्या आत गाद्या परत जागच्या जागी! खोली जितकी मोठी तितका घुमारा लांब, आणि आवाज पिणारे मऊ सामान जितके जास्त तितका तो आखूड, हा हिशेब त्यातून निघाला. १९०० साली उघडलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल त्याच हिशेबाने बांधले गेले.

पुढे ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना उलटे दुखणे जडले. त्यांच्या खोल्या इतक्या मुक्या, की गाणे उघडे पडल्यासारखे वाटे. शिकागोच्या बिल पटनम यांनी १९४७ साली हार्मोनिकॅट्स या वाद्यवृंदाचे मुद्रण करताना आवाज चक्क स्नानगृहात पाठविला, तिथला घुमारा दुसऱ्या माइकने टिपला आणि मूळ वादनात मिसळला. न्हाणीघरात आपण सगळे गवई का होतो, त्याचे रहस्य एवढेच आहे : फरशी आवाज पीत नाही. १९५७ साली जर्मनीच्या ईएमटी कंपनीने पोलादाचा भलामोठा पत्रा चौकटीत ताणून टांगला. त्याला सुराने हादरवायचे आणि त्याची थरथर टिपायची. हे धूड अडीचशे किलोंच्या वर भरे. हॅमंड ऑर्गनवाल्यांनी स्प्रिंगेवर तेच काम भागविले. १९७६ साली ईएमटीनेच आकडेमोडीवर चालणारे यंत्र आणले, आणि आज तीच आकडेमोड तळहाताएवढ्या पेटीत, नाहीतर घरच्या संगणकात फुकट होते. पेटीवरची ‘हॉल’, ‘रूम’, ‘चेंबर’, ‘प्लेट’, ‘स्प्रिंग’ ही नावे म्हणजे या इतिहासाची पानेच होत.

आणि यंत्र नसले तरी माणसे अडून बसली नव्हती. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातल्या ‘आएगा आनेवाला’ची गोष्ट लताबाईंनी स्वतः सांगितलेली आहे : माइक खोलीच्या मधोमध, आणि त्या कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. दूरपणा पावलांनी साधला!

आता मुद्द्याची गोष्ट. पेटी घ्यावी की नाही? वाचकांपैकी अनेकांच्या घरी कोणी भजन म्हणते, कोणी गिटार छेडते, आणि हा प्रश्न आज ना उद्या त्यांच्यापुढे येणारच. जो चार लोकांत बसून गातो-वाजवितो, ज्याला वाजवितानाच घुमारा कानी हवा, त्याने पेटी खुशाल घ्यावी. संगणकातून फिरून येणारा आवाज किंचित उशिरा पोचतो आणि गाणाऱ्याचा ठेका चळतो. पेटीत ती कटकट जाणवत नाही. घेताना मात्र ‘आत शंभर इफेक्ट’ या जाहिरातीला भुलू नये. त्यांतले नव्वद दसऱ्याच्या दिवशी ऐकतात आणि दिवाळीपर्यंत विसरतात. टाळी वाजवून शेपूट ऐकावे. ते धुरासारखे विरले तर पेटी चांगली. पत्र्याच्या डब्यात खडे वाजल्यासारखे खडखडले, तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडावे.

ज्याला नुसते घरी मुद्रण करून नंतर निगुतीने जुळवायचे आहे, त्याला वेगळ्या पेटीची गरज नाही. मुद्रणाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये बरा रिव्हर्ब मुळातच असतो. पैसे वाचवून माइक चांगला घ्यावा आणि माळ्यावरच्या गोधड्या खाली काढाव्या. गोधड्या कशासाठी म्हणाल, तर दहा बाय बाराच्या फरशीच्या खोलीला स्वतःचा एक घुमारा असतो, आणि तो वाईट असतो. एकदा तो आवाजात शिरला की धुऊन पुरता निघत नाही. आम्ही दाराला आणि मावशीच्या पाठीमागे गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, माइक तिच्या तोंडापासून वीतभर ठेवला आणि पहाटे पाचला मुद्रण केले. वेळ मावशीनेच सांगितली. “ओव्या काय दुपारी म्हणतात होय रे?” त्या वेळी सोसायटीत एकही मिक्सर सुरू झालेला नसतो, हा वरचा लाभ.

मूळ मुद्रण कोरडेच ठेवायचे, हा माझा एकच हट्ट. या धंद्यात बिनघुमाऱ्याच्या आवाजाला ‘ड्राय’ आणि घुमारा लावलेल्याला ‘वेट’ म्हणतात. म्हणजे कोरडा आणि ओला. घुमारा निराळ्या वाटेवर घ्यावा आणि हवा तेवढाच मिसळावा. उद्या कोणाला पटला नाही तर कोरडी ओवी जशीच्या तशी हाती राहते.

मग तो घुमारा कोणता, यावर आमच्या घरात खरे रणकंदन झाले. अमेरिकेतल्या मावसबहिणीला देवळासारखा हवा होता. “अरे, ऐकताना पवित्र वाटले पाहिजे!” पुतण्या ‘प्लेट’वर आला होता. शेवटी मी मावशीलाच विचारले, तू म्हणत होतीस ते कुठे? “मजघरात. आणखी कुठे?” जिथे त्या ओव्या पन्नास वर्षे राहिल्या, ते मातीच्या भिंतींचे, शेणाने सारवलेले, ठेंगण्या माळवदाचे मजघर. माती आवाजाची धार पिऊन टाकते. तिथे देवळासारखे काही घुमत नाही.

गावचा वाडा विकला गेला आहे. दोन खण अजून उभे आहेत, तेही उन्हाळ्यापर्यंत. पुतण्याने एक युक्ती काढली. खोलीत फुगा फोडून त्याचा आवाज टिपला, की त्या खोलीच्या घुमाऱ्याचा नमुना हाती येतो आणि संगणक तो कोणत्याही आवाजाला लावू शकतो. दसऱ्याच्या सुटीत आम्ही दोघे गेलो. मजघरात आठ फुगे फोडले. राखणदार काठी घेऊन धावत आला. त्याला वाटले पोरांनी आत्ताच फटाके सुरू केले. नमुना निघाला तो जेमतेम अर्ध्या सेकंदाचा, मवाळ आणि किंचित मातकट.

तो मावशीच्या ओव्यांत शंभरात बारा एवढाच मिसळला. माप ठरविण्याची एक सोपी रीत आहे : घुमारा ऐकू येईपर्यंत वाढवावा, मग येईनासा होईपर्यंत उतरवावा. तो काढून टाकल्यावर काहीतरी हरवल्यासारखे वाटले, की जमले. घुमाऱ्यातला खालचा, दोनशे हर्ट्झच्या आतला भाग छाटला. नाहीतर शब्द गढूळ होतात, आणि ओवीतून शब्द गेला तर राहिले काय?

मावशीने डोळे मिटून दोन ओव्या ऐकल्या. फुग्यांचे तिला आम्ही काही सांगितले नव्हते. ती म्हणाली, “जातं कुठं आहे? त्याची घरघर नाही येत.” पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे.

मावसबहिणीला दोन्ही प्रती पाठविल्या आहेत, कोरडी आणि मजघरातली. तिसरी, देवळातली, तिची तिने करून घ्यावी. आमच्याकडे मूळ मुद्रण तीन ठिकाणी ठेवले आहे, आणि प्रत्येकाच्या आरंभी मावशीच्याच आवाजात तिचे नाव, गाव आणि तिथी आहे. आजवर त्रेचाळीस ओव्या झाल्या. परवा भाजी निवडता निवडता तिला आणखी सहा आठवल्या, आणि जाते कोणाकडे आहे याचा शोध पुतण्या आता शेजारच्या गावांत फोन करून घेत आहे.