थायरॉईड निघाला म्हणून बाजरी सोडू नका, आणि गोळी तर मुळीच नको

"थायरॉईड निघालाय, मग आता बाजरी बंद ना?" दहिवडी-म्हसवड भागातल्या बायका हा प्रश्न हमखास विचारतात. कुणीतरी मोबाईलवर यादी पाठवलेली असते. बाजरी बंद, कोबी-फ्लॉवर बंद, सोयाबीन बंद, शेंगदाणे बंद. माणसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात, जिथे भाकरी बाजरीची आणि कोरड्यास शेंगदाण्याच्या कुटाचं, तिथे ही यादी पाळायची म्हणजे जेवणच सोडायचं. त्याच मेसेजच्या खाली बहुतेक वेळा दुसरी ओळ असते: आहार-व्यायामाने नव्वद दिवसांत गोळी बंद.

माझं मत आधीच सांगतो. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि दुसरी धोक्याची आहे.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या भागातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. अन्नातलं आयोडीन घेऊन ती संप्रेरक, म्हणजे हार्मोन बनवते. शरीराचं काम किती वेगाने चालायचं ते या हार्मोनवर ठरतं. ते कमी पडलं की थकवा, थंडी वाजणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणं, पाळीच्या तक्रारी सुरू होतात. आज आपल्याकडे मोठ्या माणसांत ग्रंथी मंदावण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती तिच्यावर उलटणं. याला हाशिमोटो म्हणतात. यात ग्रंथी हळूहळू निकामी होते. माणमधल्या माणसाला समजावायला फार शब्द लागत नाहीत: विहिरीचा झरा आटला की टँकर लागतो. गोळी म्हणजे तो टँकर. तिच्यात असतं ते ग्रंथी जे हार्मोन बनवायची तेच. विहिरीच्या कडेला कितीही झाडं लावली तरी टँकर बंद केल्यावर घरात पाणी येत नाही.

मग बाजरीचं काय? यादीत ती उगाच आलेली नाही. १९८०च्या दशकात सुदानच्या दारफूर भागात गलगंडाचा अभ्यास झाला. तिथले लोक प्रामुख्याने बाजरीवर जगत. बाजरीतले काही घटक ग्रंथीच्या हार्मोन बनवण्याच्या कामात अडथळा आणतात, हे प्रयोगांत दिसलं. पण त्या लोकांच्या आहारात आयोडीनही कमी होतं आणि रोजचं पोट जवळजवळ एकाच धान्यावर भरत होतं, हा निम्मा भाग मेसेजमध्ये कधीच येत नाही. आयोडीन पुरेसं असेल आणि भाकरीबरोबर डाळ, भाजी, दूध, अधूनमधून ज्वारी असेल, तर बाजरी सोडायचं कारण नाही. आणि तुमची गोळी चालू असेल तर आणखी साधा हिशोब आहे: हे घटक हार्मोन *बनण्याच्या* आड येतात, गोळीतून मिळणारं हार्मोन तर तयारच असतं. कोबी-फ्लॉवर शिजवून खायला काहीच हरकत नाही.

खरा प्रश्न भाकरीपेक्षा मिठाच्या बरणीत आहे. १९५६ मध्ये हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठातून आयोडीन देण्याचा प्रयोग सुरू केला आणि गलगंडाचं प्रमाण घटलेलं दाखवून दिलं. १९६२ पासून देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम आहे. २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे. तरीही आपल्या घरात दोन वाटांनी ते येतंच. एक म्हणजे जनावरांसाठी आणलेलं खडेमीठ, जे लोणच्यात आणि कधी आमटीतही पडतं. दुसरी वाट नवीन आहे: 'नैसर्गिक' म्हणून महागात घेतलेलं सैंधव किंवा गुलाबी मीठ. त्यात भरवशाचं आयोडीन नसतं. थायरॉईडच्या भीतीने बाजरी सोडायची आणि तब्येतीसाठी म्हणून सैंधव सुरू करायचं, हा तर उलटाच कारभार झाला! रक्तदाब असेल तर मीठ कमी खा, पण जे खाल ते आयोडीनचं खा. बरणी झाकणाची असू द्या, चुलीजवळ उघडी नको. मात्र आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या किंवा थेंब मनाने घेऊ नका. जादा आयोडीनही ग्रंथीला बिघडवतं.

"पण आमच्या नात्यातल्या बाईची गोळी खरंच बंद झाली की." होय, असं होतं, आणि ती खोटं बोलत नसते. टीएसएच थोडा वाढलेला, दहाच्या आत, आणि मूळ हार्मोन व्यवस्थित, अशा अनेकांचा टीएसएच दोन-तीन महिन्यांनी आपोआप खाली येतो. काहींना तर मुळात गोळीची गरजच नसते. बाळंतपणानंतर बिघडलेली ग्रंथीही बऱ्याच जणींची वर्षभरात सावरते. या काळात कुणी काढा घेतला, कुणी गहू सोडला, तर श्रेय त्यालाच जातं. म्हणून एकाच रिपोर्टवर आयुष्यभराची गोळी सुरू झाली असेल, तर "पुन्हा तपासू का?" असं डॉक्टरांना जरूर विचारा. पण गोळी परस्पर थांबवू नका. औषध शरीरातून सावकाश उतरतं, त्यामुळे पहिले काही आठवडे "बंद करूनही बरं वाटतंय" असं वाटतं आणि माणूस फसतो.

आहाराचा मोठा संबंध आहे तो गोळीच्या वेळेशी. पहाटे उठल्या उठल्या चुलीवर चहा आणि चहाच्या घोटाबरोबर गोळी, असं केलंत तर औषधाचा काही भाग वाया जाऊ शकतो. अनशापोटी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि चहाला किमान अर्धा तास, जमल्यास तासभर थांबा. रक्तवाढीची आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनंतर. सकाळी जमतच नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, पण रोज तीच वेळ ठेवा. उपवासाच्या दिवशीही ती घ्यायचीच. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस थांबवा, नाहीतर रिपोर्ट चुकतो.

व्यायामाबद्दल माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. हा तालुका मोहीच्या ललिता बाबर यांचा, ज्यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. धावण्याचं कौतुक इथे कुणाला सांगायला नको. पण दिवसभर खुरपणी करून, जनावरांचं बघून आलेल्या बाईला "रोज चाला" म्हणणं मला पटत नाही. तिला झोप आणि डाळ-अंडी-दुधातली प्रथिनं जास्त हवीत. चालायला हवं ते दुकानात बसणाऱ्यांनी, नोकरदारांनी, मुंबईला राहणाऱ्यांनी. व्यायामाने वजन, साखर, कोलेस्टेरॉल, मन, सगळं सुधारतं, ग्रंथी मात्र दुरुस्त होत नाही. मंद थायरॉईडमुळे वाढणारं वजन साधारण दोन ते पाच किलो असतं, त्यातही बरंचसं पाणी. पंधरा किलो वाढले असतील तर सगळा दोष ग्रंथीवर टाकू नका. उलट थायरॉईड जास्त चालत असेल, छाती धडधडत असेल, वजन उतरत असेल, तर तो आटोक्यात येईपर्यंत जोराचा व्यायाम नको.

सर्वात जास्त काळजी दिवस गेलेल्या बाईची. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर चालते. नेमकं तेव्हाच "गरोदरपणात औषधं नकोत" म्हणून सासूबाई किंवा शेजारीण गोळी बंद करायला सांगतात. पाळी चुकली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. डोस बहुधा वाढवावाच लागतो.

आणि उन्हाळ्यात गोळ्यांची डबी पत्र्याखालच्या फळीवर किंवा चुलीशेजारी ठेवू नका, उष्णतेने औषधाचा जोर कमी होतो. माठाजवळच्या थंड, पण कोरड्या जागी ठेवा. मेंढरं घेऊन बाहेर पडणार असाल, तर परत येईपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या आधीच घ्या. डोस बदलला असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच जिथे असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात किंवा लॅबमध्ये करून घ्या आणि जुना रिपोर्ट सोबत न्या.