वंशसंहाराचा खटला आणि आपल्या दाराची कडी

उर्दूत कत्ल-ए-आम हा एक शब्द आहे आणि नस्लकुशी हा दुसरा. मराठीत पहिल्याला नरसंहार म्हणता येईल, दुसऱ्याला वंशसंहार. आपली वर्तमानपत्रं आणि टीव्हीवाले हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. गप्पांमध्ये ते चालून जातं, कोर्टात चालत नाही. हजारो माणसं मारली म्हणून वंशसंहार सिद्ध होत नाही. ‘हा समाज, समाज म्हणूनच, पूर्णपणे किंवा अंशतः संपवायचा’ असा हेतू होता, हे दाखवावं लागतं. ९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी मंजूर केलेल्या वंशसंहारविरोधी कराराचा गाभा हाच आहे.

या कराराच्या नवव्या कलमात एक मोठी गोष्ट आहे. एखाद्या देशाने वंशसंहार केला किंवा तो रोखला नाही असा आरोप असेल, तर दुसरा सदस्य देश त्याला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचू शकतो. इथे आरोपी म्हणून एखादा सेनापती किंवा मंत्री उभा नसतो, आख्खं राज्य उभं असतं. माणसांवर फौजदारी खटले चालवणारी न्यायालयं वेगळी.

आजवर असा एकच खटला निकालापर्यंत जाऊन देशाला दोषी ठरवू शकला आहे. बोस्नियाने मार्च १९९३ मध्ये दावा दाखल केला आणि निकाल लागला २६ फेब्रुवारी २००७ ला, म्हणजे जवळपास चौदा वर्षांनी. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनिकात सुमारे ८ हजार मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. तो वंशसंहारच होता, असं न्यायालयाने मान्य केलं. पण तो सर्बियाच्या हुकमाने झाला, हे सिद्ध झालं नाही असंही म्हटलं. नुकसानभरपाईचा एक पैसाही मिळाला नाही. तेव्हा बोस्नियातल्या अनेक आयांना हा निकाल म्हणजे दगाच वाटला, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

तरीही त्या निकालातली एक ओळ मोलाची आहे. सर्बियाला धोका कळत होता, मारेकऱ्यांवर त्याचं वजन होतं, आणि त्याने ते वापरलं नाही, म्हणून वंशसंहार रोखण्याचं कर्तव्य त्याने मोडलं. आपल्या शहापूर-मुरबाडच्या डोंगरांवर मार्च-एप्रिलमध्ये वणवे लागतात. काडी लावणारा एखादाच असतो. पण धूर दिसत असताना, हाताशी माणसं असताना जो ओट्यावर बसून राहिला, त्यालाही गाव जाब विचारतं. हेगने देशांच्या बाबतीत नेमकं हेच सांगितलं. “आम्ही नाही मारलं” एवढं उत्तर आता पुरत नाही.

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर कुलभूषण जाधव यांचं प्रकरण आठवा. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली, तेव्हा मे २०१७ मध्ये भारतच हेगला गेला. वकील होते नागपुरात वाढलेले हरीश साळवे, फी एक रुपया. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ अशा मताने निकाल लागला: फाशी थांबवा, शिक्षेचा फेरविचार करा, भारतीय अधिकाऱ्यांना भेटू द्या. त्या दिवशी सगळा महाराष्ट्र आनंदला. ‘परक्या न्यायाधीशांना काय अधिकार?’ असं आपल्याकडे कोणी विचारलं नाही.

आता दुसरी बाजू पाहा. १९४६ मध्ये वंशसंहाराचा विषय संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ज्या तीन देशांनी आणला, त्यात क्युबा आणि पनामाबरोबर भारत होता. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण १९५९ मध्ये करार कायम करताना भारताने नवव्या कलमाला अट घातली: दरवेळी सर्व पक्षांची संमती असेल, तरच वाद न्यायालयात जाईल. म्हणजे आरोपीने होकार दिला तर खटला. दार बांधलं आपण, आणि आतून कडीही आपणच लावली.

ही कडी १९७३ मध्ये कामाला आली. बांगलादेश युद्धातल्या १९५ पाकिस्तानी युद्धकैद्यांना वंशसंहाराच्या खटल्यासाठी भारत ढाक्याच्या ताब्यात देणार होता. पाकिस्तान त्याविरुद्ध हेगला गेला. भारताने आपल्या अटीकडे बोट दाखवलं आणि न्यायालयाचा अधिकारच नाकारला. पुढे वाटाघाटी झाल्या, पाकिस्तानने दावा मागे घेतला आणि १९७४ मध्ये ते १९५ जण खटल्याविना घरी गेले. पूर्व बंगालात मारले गेले त्यांत हिंदू होते, मुसलमानही होते, आणि मारणारं सैन्य स्वतःला इस्लामचं रखवालदार म्हणवत होतं. जुल्म करणाऱ्याचा मजहब पाहून आपण बोलणार असू, तर इन्साफ हा शब्द आपण वापरू नये.

अशा अटीची किंमत कोण मोजतं? म्यानमारमधून २०१७ मध्ये ७ लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. पण बांगलादेशनेही नवव्या कलमाला भारतासारखीच अट घातलेली. शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये दावा केला तो हजारो किलोमीटर लांबच्या छोट्याशा गाम्बियाने. त्या देशाचे तेव्हाचे न्यायमंत्री अबुबकर तांबादू यांनी आधी रवांडाच्या वंशसंहाराच्या खटल्यांत काम केलं होतं. सुदानने २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीवर दारफूरमधल्या मसालित लोकांच्या वंशसंहाराला मदत केल्याचा दावा केला. अमिरातीची नवव्या कलमावर अट होती. आरोपात तथ्य किती, हे न तपासताच न्यायालयाने प्रकरण यादीतून काढून टाकलं. याउलट रवांडाने, जिथे १९९४ मध्ये वंशसंहार झाला, २००८ मध्ये आपली अट मागे घेतली.

‘भारताचे शत्रू याचा फायदा घेतील’ असा आक्षेप येईल. खोटे दावे होतीलही. पण बोस्नियाच्या निकालाने दाखवलंय की पुराव्याची पायरी किती उंच आहे. २०१५ मध्ये क्रोएशिया आणि सर्बिया यांचे परस्परांवरचे दावे न्यायालयाने हेतू सिद्ध होत नाही म्हणून फेटाळले. आणि हे न्यायालय अगदी परकंही नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी २०१२ पासून तिथे न्यायाधीश आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या दाव्यात जानेवारी २०२४ मध्ये इस्रायलविरुद्ध जो अंतरिम आदेश निघाला, त्यात त्यांचं मत बहुमतासोबत होतं.

एक खुलासा करतो. १९९२-९३ च्या मुंबईला मी वंशसंहार म्हणत नाही. वर सांगितलेला अर्थ पाळायचा तर शब्द जपून वापरला पाहिजे, आपल्या दुःखाबद्दलही. पण राज्याची जबाबदारी हा प्रश्न तिथेही आहेच. ९०० माणसं मेली, १६८ बेपत्ता झाली. राज्य कायदा-सुव्यवस्था राखण्यात अपयशी ठरलं, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये म्हटलं, तीस वर्षांनी. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये, १९८४ च्या शीख हत्याकांडात सज्जन कुमारला दोषी ठरवताना दिल्ली उच्च न्यायालयाने मुंबईचं नाव घेऊन सांगितलं होतं की वंशसंहार हा गुन्हा आपल्या फौजदारी कायद्यातच नाही आणि ही उणीव तातडीने भरून काढायला हवी. करार तर असा कायदा करायला बांधतो. १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता लागू झाली. त्यातही तो गुन्हा नाही. म्हणजे हेगचं दार बंद आणि घरच्या न्यायालयात त्या गुन्ह्याचं कलमच नाही.

गाझासाठी आपण दुआ मागतो, स्टेटस ठेवतो. ते ठेवूया. पण आपल्या हातात याहून जवळचं एक काम आहे. नवव्या कलमावरची अट मागे घ्यायला घटनादुरुस्ती लागत नाही. केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना तसं कळवलं की झालं. शहापूर आणि मुरबाड दोन्ही भिवंडी लोकसभा मतदारसंघात येतात. आपला खासदार कोणत्याही पक्षाचा असो, त्याला सभागृहात दोन प्रश्न विचारायला सांगता येतं: ही अट कधी काढणार, आणि कायदा कधी करणार? अर्ज साध्या मराठीत लिहिला तरी चालतो. त्यावर फक्त आपल्याच मोहल्ल्याच्या सह्या नकोत. बौद्धवाड्यातल्या, आदिवासी पाड्यांवरच्या, कुणबी-आगरी आळीतल्याही हव्यात, कारण उद्या कुठल्या समाजाला या कायद्याची गरज पडेल, हे आज कोणालाच ठाऊक नाही.