पाचगणीचा पियानोवादक

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी (१९४६–१९९१) हा मूळचा फारोख बुलसारा. झांझिबारमधल्या पारशी कुटुंबात जन्मलेल्या या मुलाला आठव्या वर्षी, १९५५ मध्ये, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. फ्रेडी हे नावही शाळेतल्या सवंगड्यांनीच रूढ केले. त्यामुळे मंच गाजवणारा हा गायक महाराष्ट्राच्या मातीत घडला, असे अभिमानाने सांगितले जाते. अभिमान समजण्यासारखा आहे, पण विधान चुकीचे आहे. १९५८ मध्ये शाळेतल्या पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' हा बँड काढला, तेव्हा पुढे उभा राहून गाणारा मुलगा दुसराच होता. फ्रेडी पियानोवर असे.

मंचावरचा फ्रेडी इंग्लंडमध्ये तयार झाला. १९६४ च्या क्रांतीनंतर कुटुंबाने झांझिबार सोडले आणि ते लंडनजवळच्या फेल्थमला आले. ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकून तो आयबेक्स, सावर मिल्क सी अशा फारशा न चाललेल्या बँडांत गायला. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत त्याने 'क्वीन' उभा केला. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवरच्या कार्यक्रमात सुमारे ७२ हजार श्रोत्यांना त्याने वीसएक मिनिटे मुठीत ठेवले. त्यामागे पंधरा वर्षांचे दौरे होते. ते श्रेय पाचगणीचे नव्हे.

पण तेवढ्यावरून पाचगणी ही त्याच्या चरित्रातली तळटीप ठरत नाही. तसे मानणारे फक्त गायकाकडे पाहतात, रचनाकार त्यांच्या नजरेतून सुटतो. फ्रेडीची बरीच महत्त्वाची गाणी पियानोवर बांधलेली आहेत. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (१९७५) जवळपास सहा मिनिटे चालते. त्यात ध्रुवपद नाही. संथ गाण्यातून ते ऑपेरात शिरते, तिथून थेट तडाखेबंद रॉकमध्ये. तरीही ब्रिटनमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. स्वरमेळाचे भान पक्के असल्याखेरीज अशी वळणे पेलत नाहीत, आणि त्या भानाचा पाया पाचगणीत घातला गेला. तिथे त्याने पियानोचे रीतसर धडे घेतले, वादन आणि संगीतशास्त्र या दोन्हींत चौथ्या श्रेणीपर्यंत मजल मारली. शाळेच्या गायकवृंदातही तो गात असे.

वेम्ब्लीवरच्या आपल्या सादरीकरणाचा आरंभ त्याने 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'नेच केला, पियानोवर बसून. माईक घेऊन तो पुढे आला त्यानंतर.