मढ्याचा भाव कोण ठरवतो?



वरसावे नाक्यावर एकदा उभं राहून बघा. ठाण्याकडून घोडबंदर रोड येतो, मुंबईकडून हायवे येतो आणि पुढं खाडीवरच्या पुलावरून गुजरातकडं जातो. रात्रंदिवस कंटेनर, टँकर, ट्रेलर. त्यांच्या फटीतून जीव मुठीत धरून पायी रस्ता ओलांडणारा कोण असतो? पाड्यावरचा आदिवासी असतो, ढाब्यावर भांडी घासणारा असतो, टाकी उपसायला बोलावलेला आपला माणूस असतो. याच घोडबंदर रोडलगत ढोकाळीला मे २०१९ मध्ये एका सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीत तिघे मेले. विरारला ९ एप्रिल २०२४ ला तशाच टाकीत चौघे. वरसाव्याचा पूल ओलांडला की ससूनवघर. तिथं २९ मे २०२४ ला पाणीयोजनेच्या बोगद्यासाठी खणलेल्या खोल खड्ड्याची भिंत कोसळली आणि माती उपसणारा ड्रायव्हर मशीनसकट गाडला गेला. शहराला पाणी पाजायचं तरी कष्टकऱ्यानं मरायचं, शहराची घाण काढायची तरी त्यानंच.

पण मी इथं मरणावर लिहीत नाही. मरणानंतर काय होतं त्यावर लिहितोय.

पोलिसांच्या आधी मध्यस्थ येतो. पांढरे कपडे, हातात दोन मोबाईल. पोस्टमार्टेमच्या खोलीबाहेर बसलेल्या बाईला तो 'ताई' म्हणतो. "झालं ते झालं ताई, मालक माणूस चांगला आहे, पन्नास हजार देतो म्हणतोय, गावी न्यायला गाडीपण देतो." स्टॅम्पपेपर तयारच असतो. ताईचा अंगठा, साक्षीदार म्हणून वस्तीतल्याच कुणाची तरी सही. आणि दुसऱ्या बाजूनं आपला एक गरम डोक्याचा पोरगा ओरडतो, "एक पैसा घ्यायचा नाही! मढ्याच्या टाळूवरचं लोणी आपण खाणार नाही! आम्हाला न्याय पाहिजे, पैसा नको!"

मध्यस्थाशी आपलं भांडण जुनं आहे, ते चालूच राहील. आज मला या पोरग्याशी भांडायचंय.

अरे बाबा, तुझी घोषणा ऐकून मालक आतून खूश होतो. तू 'पैसा नको' म्हटलंस की त्याचा पैसा वाचतो. न्याय म्हणजे काय हवेत लटकलेली चीज आहे? मेलेल्याची दोन पोरं पुढच्या जूनमध्ये शाळेत जाणार की टाकीत उतरणार, हा न्यायाचाच प्रश्न आहे. आणि तुझ्या मोर्च्यानंतर त्या घरात चूल कशी पेटते, हे बघायला तू किती वेळा गेलास?

भरपाई म्हटली की आपल्याला लाज वाटते. ही लाज कुठून आली ते नीट तपासा. गावचा महार रात्रीबेरात्री मौतीची खबर घेऊन कोसभर चालत जायचा, मेलेलं ढोर ओढायचा, चावडीवर राबायचा. ती मजुरी होती. पण ती दारात उभं राहून मागायला लावली, शिळ्या भाकरीत दिली आणि तिला भीक हे नाव दिलं. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कायदेमंडळात वतनाचं बिल आणलं ते याच गुलामीविरुद्ध. राबणाऱ्याचं देणं द्यायचं, पण उपकार म्हणून द्यायचं, ही या देशाची जुनी खोड. आज तिचं नाव 'सानुग्रह अनुदान' आहे. मंत्री चेक देतो, फोटो निघतो, बाईनं हात जोडायचे. मी ज्या भरपाईबद्दल बोलतोय ती कोर्टातून वसूल करायची, गुन्हा ज्याचा त्याच्याकडून. तिथं कुणी हात जोडत नाही.

विलायतेत तर एके काळी कायदाच असा होता की माणूस जखमी केला तर भरपाई, ठार मारला तर काही नाही. मेलेला दावा लावू शकत नाही आणि बायकापोरांचा संबंध काय! रेल्वे आली, माणसं मरायला लागली, तेव्हा १८४६ ला तिथं कायदा बदलला. इंग्रजांनी तो १८५५ ला इथं आणला, आजही तो पुस्तकात आहे. म्हणजे भरपाईचा हक्क कुणाच्या दयेनं आलेला नाही.

पण खरी मेख पुढं आहे. भरपाई मोजतात कशी? मोटार अपघाताच्या दाव्याचा हिशेब सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी बांधून दिलाय. ३२ वर्षांचा गडी घ्या. घरी आई, बायको, दोन पोरं. रोज ३०० रुपये, महिन्याचे ९,०००, वर्षाचे १,०८,०००. पुढं कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के मिळवा, १,५१,२००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा करा, १,१३,४००. वयाचा गुणक १६. झाले १८,१४,४००. वर अंत्यविधी वगैरेचे थोडे.

आता त्याच वयाचा, तेवढ्याच कुटुंबाचा, कायम नोकरीतला ९०,००० पगाराचा साहेब त्याच ट्रकखाली घ्या. वाढीचे ५० टक्के धरून, त्याच गणितानं १,९४,४०,०००. आयकर कापून थोडे कमी. ट्रक तोच, रस्ता तोच. आपल्या माणसाला ३०० रुपये रोज कुणी ठरवला? जातीनं ठरवला. कोर्ट जात बघत नाही, ते फक्त मजुरी बघतं आणि तिला सोळानं गुणतं.

आणि ३०० चा तरी पुरावा कुठंय? हजेरीपट नाही, पगारचिठ्ठी नाही. मग कोर्ट अंदाजे उत्पन्न धरतं. जन्मभर कागदाबाहेर ठेवलेल्या माणसाला मेल्यावर कागद मागतात. (बाईचं तर विचारूच नका. जमशेदपूरच्या आगीच्या खटल्यात २००१ साली घर सांभाळणाऱ्या बाईच्या कष्टाची किंमत महिन्याला ३,००० धरली, तीसुद्धा मोठी सुधारणा म्हणून सांगतात.)

गटारातल्या मरणाचं गणित वेगळं आहे, आणि ते वेगळं झालं कारण आपली माणसं भांडली. २०१४ च्या सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९९३ पासूनच्या प्रत्येक अशा मृत्यूला १० लाख द्यायला सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ ला ते ३० लाख केले. इथं रोज किती मिळत होता हे कुणी विचारत नाही. सगळ्यांना एकच आकडा. मला हा निकाल म्हणूनच मोठा वाटतो. गोवंडीला डिसेंबर २०१९ मध्ये सोसायटीच्या टाकीत तिघे मेले, त्यांच्या विधवा हायकोर्टात गेल्या. सरकार म्हणालं सोसायटी खाजगी, कंत्राटदार खाजगी. १७ सप्टेंबर २०२१ ला कोर्टानं सांगितलं, आधी सरकारनं प्रत्येकीला १० लाख द्यावेत, मग जबाबदार असेल त्याच्याकडून वसूल करावेत. तीन बायांनी हे करून दाखवलं. आपण पत्रकं काढत होतो.

कुणी म्हणेल, परभणीच्या माऊलीनं पैसे नाकारले त्याचं काय? संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर पकडलेला तिचा लेक १५ डिसेंबर २०२४ ला कोठडीत मेला. सरकारनं १० लाख जाहीर केले, तिनं नाकारले. तिला माझा जयभीम. पण तिनं काय नाकारलं ते नीट बघा. गुन्हा नोंदवायच्या जागी दिलेला चेक तिनं नाकारला. ती कोर्टात गेली, ४ जुलै २०२५ ला हायकोर्टानं गुन्हा नोंदवायला सांगितलं, ३० जुलैला सुप्रीम कोर्टानंही तेच कायम ठेवलं. ती घरी बसून घोषणा देत नव्हती. ओडिशातल्या एका आईनं तर कोठडीतल्या पोराच्या मरणाबद्दल सुप्रीम कोर्टाला नुसतं पत्र लिहिलं होतं. कलम ३२ खाली ते पत्रच अर्ज झालं आणि १९९३ ला दीड लाख मिळाले. बाबासाहेब ज्या कलमाला घटनेचा आत्मा म्हणाले, ते हेच.

तेव्हा पोरा, पुढच्या वेळी तिथं पोचलास की आधी तो स्टॅम्पपेपर बाईच्या हातातून घे. निष्काळजीपणानं मारणं हा आपसात मिटवायचा गुन्हाच नाही, मध्यस्थाला तोंडावर सांग. एफआयआरची प्रत, पंचनामा, पोस्टमार्टेम, गाडीचा नंबर मिळव. 'पाय घसरून टाकीत पडला' असं पोलीस लिहीत असेल तर तिथंच अडव, कारण त्या एका वाक्यात ३० लाख बुडतात. बरोबर राबणाऱ्या दोघांकडून रोज किती मिळायचा ते लिहून घे. रस्त्यावरचं मरण असेल तर दाव्याला सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातलीय, ती धर. गाडी पळून गेली असेल तरी २ लाखांची तरतूद आहे, सोडू नकोस. जातीच्या कारणानं खून झाला असेल तर अॅट्रॉसिटीच्या नियमात ८ लाख २५ हजार आहेत, त्यातले निम्मे पोस्टमार्टेमनंतर लगेच. वकिलाला पैसे नाहीत म्हणून रडू नकोस. दलित, आदिवासी आणि बाई, यांना उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणानं फुकट वकील द्यायचा असतो. ठाण्याच्या कोर्टात त्यांची कचेरी आहे.

वरसाव्यापासून वसईपर्यंतच्या पट्ट्यात ज्याच्या वस्तीत असं प्रकरण मिटवलं गेलंय किंवा चाललंय, त्यानं तारीख, पोलीस ठाणं आणि गुन्हा नंबर लिहून येत्या बैठकीला यावं. भाषण तयार करून येऊ नये.