शत्रूच्या मुलाची भूक

ख्रिस्ती धर्मग्रंथातील दयाळू शोमरोन्याचा दृष्टान्त पुष्कळांना ऐकून ठाऊक असतो. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या प्रवाशाला पाहून याजक आणि लेवी बाजूने निघून जातात. थांबतो तो यहुद्यांचे ज्या जमातीशी जुने वैर, तिच्यातला शोमरोनी. व्यापारी घराण्यातील वाचकाचे लक्ष मात्र कथेच्या उत्तरार्धाकडे जावे. शोमरोनी जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, त्याची शुश्रूषा करतो आणि दुसऱ्या दिवशी मालकाच्या हातावर दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, ठेवून अधिक लागेल तो खर्च परतताना फेडण्याचे वचन देतो. रकमेची मर्यादा नसलेली हमी! हिशेबी माणूस अशा कागदावर सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करील.

अशी हमी प्रत्यक्षात घेणारे निघाले ते पहिल्या महायुद्धानंतर. नोव्हेंबर १९१८ मध्ये तोफा थांबल्या, तरी जर्मनीची नाकेबंदी जुलै १९१९ पर्यंत चालूच होती. मुले अन्नावाचून खंगत होती. एग्लँटाइन जेब या इंग्रज बाईंनी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात उपाशी ऑस्ट्रियन बालकाचे छायाचित्र असलेली पत्रके वाटली. ज्या देशात घरोघरी तरुण मुलांचे सुतक होते, तेथे शत्रूच्या मुलांसाठी हात पसरणे सोपे नव्हते. परवान्याविना पत्रके छापल्याबद्दल त्यांना ५ पौंड दंड झाला. खटला चालविणारे सरकारी वकील सर आर्चिबाल्ड बॉडकिन यांनीच तेवढी रक्कम त्यांच्या हाती दिली. मे १९१९ मध्ये सुरू झालेल्या ‘सेव्ह द चिल्ड्रन’ निधीच्या खात्यातील पहिली जमा म्हणून ती ओळखली जाते.

क्वेकर पंथीयांचे कार्य याहून व्यापक झाले. हा पंथ लहान, शस्त्र न उचलणारा आणि व्यापारात मुरलेला. बार्कलेज व लॉइड्स या बँकांची आणि कॅडबरीच्या चॉकलेटची मुळे त्यांच्याच घराण्यांत आहेत. घासाघीस न करता एकच भाव सांगण्याबद्दल त्यांच्या पेढ्यांचा लौकिक होता. अमेरिकेतील क्वेकर सेवा समितीने हर्बर्ट हूवर यांच्या विनंतीवरून १९२० च्या प्रारंभी जर्मनीत बालभोजन सुरू केले. १९२१ च्या उन्हाळ्यात रोज सुमारे १० लाख मुले जेवत होती. वाढपाचे काम स्थानिक शिक्षक व स्वयंसेवक करीत. ब्रिटन व अमेरिका येथील क्वेकरांच्या संस्थांना १९४७ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, परंतु त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट त्या पंक्तीच्या नियमांत आहे.

अन्न सर्वांना पुरणारे नव्हते. म्हणून कोणाला द्यायचे हे बापाचा पक्ष पाहून ठरत नसे, ओळखीपाळखीवरही नसे. डॉक्टर मुलांना तपासत आणि सर्वांत खंगलेल्यांची निवड करीत. कोको, पाव, पेज जे काही मिळे, ते तेथेच बसून संपवावे लागे. घरी नेण्यास मनाई होती. घरी धाकटे भावंड उपाशी असताना थोरल्याने समोरची पेज एकट्याने पिऊन उठायचे, हा नियम कठोर वाटतो. परंतु डबा घरी गेला असता तर तो चार तोंडांत वाटला जाऊन ज्याच्यासाठी दिला त्याच्या वाट्याला दोन घोट आले असते, आणि पुढच्या तपासणीत ते मूल होते तसेच खंगलेले दिसले असते.