निपाणीच्या पोराने ट्रायल कुठे द्यायची?

निपाणीहून कोल्हापूरचे शाहू स्टेडियम 40 किलोमीटरवर आहे. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम हे फुटबॉल संघ समोरासमोर आले की त्या सामन्याची चर्चा निपाणीच्या चहाच्या गाड्यांवरही रंगते. पण निपाणीतल्याच एखाद्या तेरा वर्षांच्या मुलाच्या पायात खरोखर खेळ असेल, तर निवड चाचणीसाठी त्याला कोल्हापूरकडे पाठ फिरवावी लागते. तो कर्नाटकचा. त्याची राज्य संघटना बेंगळूरला, साडेपाचशेहून अधिक किलोमीटर दूर. निपाणीला रेल्वे नाही. म्हणजे आधी एस.टी.ने बेळगाव, तिथून रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस, सकाळी अंग आंबलेल्या अवस्थेत मैदानावर वीस मिनिटांची ट्रायल आणि पुन्हा तसाच परतीचा प्रवास. बरोबर बाप किंवा मामा, त्यांची बुडालेली मजुरी वेगळी. तंबाखूच्या वखारीत आणि विडीच्या धंद्यात राबणाऱ्या घराला ही चैन वर्षातून किती वेळा परवडेल?

सीमाप्रश्नाच्या इतिहासात आम्ही इथे शिरत नाही. 1956 ची राज्य पुनर्रचना, त्यानंतरचा महाजन अहवाल, 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा हे सारे या भागातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. न्यायालय निकाल देईल तेव्हा देईल. पण मुलाचे चौदावे वर्ष त्यासाठी थांबत नाही. फुटबॉलमध्ये तेरा ते सतरा या चार वर्षांत जे शिकायचे राहते, ते पुढे सहसा भरून निघत नाही. म्हणून सीमा आहे तिथे राहूनही ती मुलांच्या आड येणार नाही, अशी व्यवस्था आजच्या आज उभी करता येते. ती का होत नाही, हा आमचा प्रश्न आहे.

बेळगावला फुटबॉल नवा नाही. कॅम्पातल्या लष्करी छावणीने तो इथे रुजवला, गोव्याहून आलेल्या कुटुंबांनी वाढवला आणि शाळांनी टिकवला. 1856 साली सुरू झालेल्या सेंट पॉल्स हायस्कूलच्या मैदानावर फादर एडींच्या स्मृतीतल्या आंतरशालेय स्पर्धेला आजही गर्दी होते. टिळकवाडीचे लेले मैदान किती पिढ्यांच्या गुडघ्यांच्या खुणा बाळगून आहे, हे तिथे वाढलेल्या कुणालाही विचारावे. मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू, तमिळ अशा घरांतली पोरे एकाच संघात खेळतात आणि ‘पास दे की रे’ एवढ्यावर सगळ्यांचे भागते. या शहराचे राजकारण ज्या रेषांवर चालते, त्या मैदानावर फारशा दिसत नाहीत. ही बेळगावच्या फुटबॉलची खरी कमाई आहे. असे असूनही या भागातून देशपातळीवर स्थिरावणारी नावे इतकी विरळ का?

उत्तर शोधताना आम्हाला कोलंबिया आठवतो, आणि तो उगाच आठवत नाही. 9 ऑक्टोबर 2017 रोजी दिल्लीत सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या मुलांनी कोलंबियाला अखेरपर्यंत झुंजवले होते. 82 व्या मिनिटाला जॅक्सन सिंगने हेडरवर बरोबरी साधली. फिफाच्या विश्वचषकातला तो भारताचा पहिला गोल. लगेच पुढच्या मिनिटाला कोलंबियाने दुसरा गोल करून सामना 2-1 असा जिंकला. पाच वर्षांनी, ऑक्टोबर 2022 मध्ये, कोलंबियाच्या सतरा वर्षांखालील मुली तर आपल्या अंगणात येऊन गेल्या. मडगावच्या फातोर्डा मैदानावर त्यांनी नायजेरियाला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून अंतिम फेरी गाठली आणि नवी मुंबईत स्पेनकडून अवघ्या एका गोलने त्या हरल्या. त्या संघात लिंडा कैसेदो होती. चौदाव्या वर्षी देशाच्या लीगमध्ये खेळलेली, पंधराव्या वर्षी कर्करोगातून उठलेली. विश्वचषकानंतर काही महिन्यांत ती रिआल माद्रिदमध्ये दाखल झाली. फातोर्डा बेळगावपासून बसने काही तासांवर. आपल्या किती शाळांनी मुलींना तो सामना दाखवायला नेले?

कोलंबिया श्रीमंत देश नाही आणि तिथले फुटबॉलही निर्मळ नाही. ऐंशीच्या दशकात अमली पदार्थांचा पैसा मोठ्या क्लबांत खेळला. 1994 च्या विश्वचषकात स्वतःच्या जाळ्यात चेंडू गेलेल्या आंद्रेस एस्कोबारला मेडेलिनमध्ये गोळ्या घालण्यात आल्या. कोवळ्या पोरांचे हक्क कागदावर लिहून घेणारे दलाल तिथे आहेत, आणि मुलींची व्यावसायिक लीग 2017 मध्ये सुरू झाली तरी वर्षातले थोडेच महिने चालते. एवढ्या अडचणींतूनही तिथून दरवर्षी नवे खेळाडू निघतात.

लुइस दियासचे उदाहरण सीमाभागातल्या प्रत्येक पालकाने समजून घ्यावे असे आहे. ला ग्वाहिरा हा कोलंबियाच्या टोकाचा, व्हेनेझुएलाला चिकटलेला रखरखीत प्रांत. दियास ज्या वायू समाजातला, तो आदिवासी समाज सीमेच्या दोन्ही बाजूंना राहतो. त्याचे गाव बारांकास, जवळच कोळशाची प्रचंड खाण. वडील गावातल्या मुलांना फुटबॉल शिकवत. अठराव्या वर्षापर्यंत एकाही मोठ्या क्लबने त्याची दखल घेतली नव्हती. 2015 मध्ये चिलीत आदिवासी संघांची अमेरिका खंडाची स्पर्धा झाली, तिच्यासाठी कोलंबियाने आपल्या आदिवासी वस्त्यांतून मुले निवडली आणि हा हडकुळा मुलगा पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आला. बारांकिया क्लबने त्याला घेतले आणि आधी त्याच्या खाण्यापिण्याकडे लक्ष दिले, कारण अंगावर मांसच नव्हते. तिथून जुनिअर क्लब, पोर्तो, 2022 मध्ये लिव्हरपूल आणि 2025 मध्ये बायर्न म्युनिक. हामेस रॉड्रिगेझचा जन्मही व्हेनेझुएलाच्या सीमेवरच्या कुकुता शहरातला. 2004 मध्ये बारा वर्षांचा हामेस मेडेलिनच्या पोनीफुटबॉल या बालस्पर्धेत चमकला, चौदाव्या वर्षी एन्व्हिगादो या छोट्या क्लबकडून व्यावसायिक सामना खेळला आणि 2014 च्या विश्वचषकात सहा गोल करून सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला.

दोघांच्या गोष्टीत एक दुवा सारखा आहे. कुणीतरी स्पर्धा घेऊन दूरच्या मुलांना खेळवले आणि खेळ पाहणारा जाणता माणूस तिथे हजर होता. आपल्याकडे मुलानेच जाणत्या माणसाला शोधत बेंगळूर गाठायचे असते.

आणि मुले खेळतात तरी किती? शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. सोळा शाळा उतरल्या तर आठ शाळांचा मोसम पहिल्याच सामन्यात संपतो. चार शाळा दोन सामने खेळून घरी जातात. महिनोन् महिने सराव करायचा, नवे स्टड घ्यायचे, आणि दीड तासात वर्ष संपवायचे. त्याऐवजी आठ संघांची साधी लीग घेतली आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे ठरवले, तर सर्वांत कच्च्या संघालाही चौदा सामने मिळतात. हरलेल्या सामन्यातली चूक पुढच्या शनिवारी सुधारता येते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2018 मध्ये लहानग्यांसाठी गोल्डन बेबी लीग सुरू केल्या त्या याच हेतूने. मोठ्या मैदानाची गरज नाही, छोट्या जागेत छोटे संघ. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी, संकेश्वर इथल्या शाळांच्या पटांगणांत हे सहज बसेल. त्याला पालकांची आणि शारीरिक शिक्षकांची साथ हवी, सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आमच्याच लोकांना एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. आपल्याकडे बक्षिसांच्या खुल्या स्पर्धा वाढल्या. तासावर भाड्याने मिळणारी टर्फ वाढली. रात्रीच्या झगमगाटात पाच-पाच खेळाडूंचे सामने होतात, बाहेरून आणलेल्या खेळाडूला सामन्यामागे पैसे मिळतात. त्यात वाईट काही नाही, पण त्यातून चौदा वर्षांच्या मुलाला काय मिळते? मंडळे फ्लेक्सवर, ट्रॉफीवर आणि पाहुण्यांच्या शालींवर जेवढा खर्च करतात, त्याच्या निम्म्यात वर्षभर एक परवानाधारक प्रशिक्षक ठेवता येतो. प्रायोजकांनी पहिल्या बक्षिसाची रक्कम कमी करावी आणि सोळा वर्षांखालच्या गटाला वेगळी रक्कम द्यावी, ही आमची मागणी आहे.

मंडळांच्या हिताचीही एक बाब आहे. फिफाच्या नियमानुसार आंतरराष्ट्रीय खेळाडू-बदलीच्या रकमेपैकी 5 टक्के रक्कम त्या खेळाडूला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटली जाते. 12 ते 15 या वयातल्या प्रत्येक वर्षासाठी पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षासाठी अर्धा टक्का. चार वर्षे मुलाला सांभाळणाऱ्या क्लबला एका कोटीच्या बदलीतून एक लाख मिळू शकतात. कोलंबियातले छोटे क्लब अशा पैशावर पुढची पिढी उभी करतात. 2022 पासून फिफाचे क्लिअरिंग हाऊस खेळाडूच्या नोंदणीच्या इतिहासावरूनच हा वाटा ठरवते. ज्या मंडळाची आणि ज्या मुलाची महासंघाच्या प्रणालीत नोंदच नाही, त्याच्या वाट्याला काही येत नाही. कितीही घाम गाळलेला असो, कागदावर ते मंडळ अस्तित्वातच नसते. जन्मदाखला नीट असणे, वय न चोरणे, बाराव्या वर्षीच नोंद करणे हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण मुलाचे भविष्य तिथूनच सुरू होते. एक वर्ष वय कमी दाखवून मिळवलेला चषक हाडांच्या तपासणीत मुलाच्या अंगावर उलटतो आणि ती शिक्षा त्याला एकट्याला भोगावी लागते.

आता दोन्ही राज्यांकडे वळू. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या त्या विश्वचषक संघात होता. त्याची वाट पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून गेली. महाराष्ट्राने अभियांत्रिकी आणि वैद्यकीय प्रवेशात सीमाभागातील मराठी भाषिक विद्यार्थ्यांसाठी जागा ठेवल्या आहेत. ज्या तत्त्वाने निपाणीचा मुलगा महाराष्ट्राच्या महाविद्यालयात बसू शकतो, त्याच तत्त्वाने महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतली मुले पुण्यातल्या बालेवाडीच्या निवड चाचणीला बसावीत. हे करताना एक भान मात्र ठेवावे लागेल. महात्मा फुले जनआरोग्य योजना या गावांना लागू करण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला तेव्हा केवढा गदारोळ उठला, हे आपण पाहिले. मुलांच्या निवडीची घोषणा सभेत करू नये, क्रीडा खात्याच्या साध्या परिपत्रकातून करावी. मुलाला शिक्षण हवे आहे. कुणाचा झेंडा हाती घ्यायला तो घरातून निघालेला नाही.

कर्नाटकची जबाबदारी याहून मोठी, कारण ही मुले आज त्याची आहेत. मार्च 2023 मध्ये रियाधला मेघालयाला 3-2 असे हरवून कर्नाटकाने 54 वर्षांनी संतोष करंडक जिंकला. राज्यात बेंगळूर एफसीसारखा देशपातळीवरचा क्लब आहे, त्याची निवासी प्रबोधिनी बळ्ळारीजवळ विजयनगरला आहे. एवढे बळ असताना राज्य संघटनेने कनिष्ठ गटांची निवड चाचणी दरवर्षी बेळगावात का घेऊ नये? निवडणारे तिघे-चौघे असतात, मुले शेकड्याने. प्रवास तिघा-चौघांनी करावा. चाचणीच्या सूचना कन्नडबरोबर मराठीतही निघाव्यात, कारण तारीखच न कळल्याने संधी हुकणे हा सर्वांत वाईट प्रकार आहे. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये दर हिवाळ्यात विधिमंडळाचे अधिवेशन भरते. उत्तर कर्नाटकाच्या प्रश्नांवर तिथे तासन् तास भाषणे होतात. त्यातला अर्धा तास बेळगावच्या फुटबॉल वसतिगृहासाठी आणि निपाणीच्या एका सपाट, पाणी न साचणाऱ्या मैदानासाठी आमच्या आमदारांनी मागून घ्यावा. पक्ष कोणताही असो.

गोव्याचा विचार आपण कमी करतो. 2012 मध्ये गोव्याने फुटबॉलला राज्य खेळाचा दर्जा दिला आणि गावोगाव प्रशिक्षक पाठवण्यासाठी स्वतंत्र फुटबॉल विकास परिषद उभी केली. चोर्ला घाट उतरला की साखळी, पुढे पणजी. बेळगावच्या संघटनेने गोवा आणि कोल्हापूरच्या संघटनांशी बोलून चौदा आणि सोळा वर्षांखालील संघांचे परस्पर सामने महिन्यातून एकदा ठरवले, तर राज्य संघटनांच्या नेहमीच्या परवानगीपलीकडे फारसे काही लागणार नाही. एका गाडीचे भाडे आणि डबे, एवढाच खर्च.

पालकांची भीती खोटी नाही, हेही मान्य केले पाहिजे. 2025 मध्ये इंडियन सुपर लीगच थांबली आणि देशातल्या अव्वल खेळाडूंना पगाराची चिंता लागली. असे असताना दहावीच्या वर्षी पोराला मैदानावर कसे पाठवायचे? सीमाभागातल्या घरात खेळाचा अर्थ आजही बहुधा भरतीशी जोडलेला असतो. मराठा लाइट इन्फन्ट्री, पोलीस, रेल्वे. आम्हाला त्यात कमीपणा वाटत नाही. खेळामुळे शंभरातल्या दहा मुलांना अशी नोकरी मिळाली आणि एखादा व्यावसायिक झाला, तरी तो खेळ घरादाराला उपयोगी पडला. शाळांनी दहावीच्या मुलांचा सराव बंद करण्याऐवजी वेळा बदलाव्यात आणि मैदानावरून आलेल्या मुलासाठी संध्याकाळी एक शिक्षक थांबावा.

मुलींबाबत तर अजून सुरुवातीचीच कामे राहिली आहेत. कपडे बदलायला बंद खोली, स्वच्छतागृह, सोबत एक महिला प्रशिक्षक आणि अंधार पडण्याआधी घरी पोहोचवणारी गाडी. एवढे असेल तर आई नाही म्हणत नाही. ज्या मैदानांवर या सोयी नाहीत, तिथे पुढच्या शालेय मोसमात मुलींचे सामने ठेवू नयेत. आधी सोयी कराव्यात, मग सामने ठेवावेत, आणि ही तयारी जूनमध्ये पावसाळा लागण्यापूर्वी जिल्हा क्रीडा खात्याने पूर्ण करावी.