चढ सगळे सांगतात, उतार कोण शिकवणार?

डोंगर चढणाऱ्याचे कौतुक करण्याची आपली जुनी सवय आहे. वर पोहोचलेल्याला शाबासकी मिळते. तो खाली कसा आला, हे सहसा कोणी विचारीत नाही. अजिंक्यताऱ्यावर पहाटे धावायला जाऊ लागल्यापासून मला वाटू लागले आहे, की ही सवय आम्हां मुलांना महागात पडते.

साताऱ्याला हे दृश्य नवे नाही. उजाडण्यापूर्वीच किल्ल्याच्या रस्त्याला मुलामुलींची रीघ लागते. सांगली कृष्णाकाठी सपाटीवर वसलेली. तिकडच्या मुलाला चढ हवा असेल तर मिरज तालुक्यातला दंडोबा गाठावा लागतो. यातली बहुतेक मुले हौसेने धावत नाहीत, भरतीसाठी धावतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, तेही सपाट मैदानावर. मग डोंगर कशाला? चढावर थोड्या वेळात दम वाढतो, मांड्या-पोटऱ्या भरतात. आणि डोंगराला फी नसते.

चढताना दम लागतो, पण शरीराला मार बसतो तो उतारावर. तिथे मांडीच्या स्नायूंना प्रत्येक पावलाला ब्रेकचे काम करावे लागते. अंधारात, झिजलेल्या बुटांनी, टाचा आपटत पोरे सुसाट खाली येतात. आठवड्याभरात नडगी ठणकू लागते, गुडघा धरतो, आणि वर्षाची मेहनत भरतीच्या तोंडावर वाया जाते. पाऊल आखूड टाकावे, गुडघा किंचित वाकवावा, एक दिवस विश्रांती घ्यावी, एवढे सांगणारे माणूस त्या रस्त्यावर नसते. २०१२ पासून यवतेश्वर घाटातून साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन भरते. अर्धी वाट चढाची, अर्धी उताराची. तिच्यासाठी लोक महिनोन्‌महिने शिस्तीत तयारी करतात. आम्ही मात्र ऐकीव माहितीवर धावतो.

माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, दहाव्या आल्या. त्यांचे नाव घेऊन आम्हांला जिद्द शिकवली जाते. जिद्द होतीच, पण तिच्यामागे राष्ट्रीय शिबिरातले रीतसर प्रशिक्षणही होते. ते मात्र सांगायचे राहून जाते.

दुसरा उतार याहून अवघड आहे. २०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार सैन्यात जाणाऱ्या अग्निवीराची मुदत चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान कायम होणार. म्हणजे भरती झालेल्यांतलेही बहुतेक ऐन पंचविशीच्या आत परत येणार. ज्यांची भरतीच झाली नाही, त्यांची गोष्ट तर वेगळीच. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. घरचे म्हणतात, "बी.ए. करून काय हुतंय? भरतीचं बघ." त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही, दरमहा हाती येणारा पगार त्यांना दिसतो, पदवीचा उपयोग दिसत नाही. पण म्हणूनच पहाटे धावणाऱ्या मुलाने सकाळचे तास बुडवावेत, हे मला पटत नाही. पोलीस भरतीत धावून झाल्यावर शंभर गुणांचा लेखी पेपर असतोच. आणि खाली उतरल्यावर उभे राहायला काही जमीन लागते. आमच्यासारख्यांना ती शिक्षणाचीच.

म्हणून प्राध्यापकांना माझी विनंती आहे. पहिल्या तासाला पेंगणारा मुलगा आळशी असेलच असे नाही. कदाचित तो चार वाजल्यापासून जागा असेल. त्याला वर्गाबाहेर काढण्यापेक्षा जिमखान्याने आठवड्यातून दोन दिवस पहाटे एखादा जाणकार मार्गदर्शक द्यावा आणि वाचनालय संध्याकाळी दोन तास जास्त उघडे ठेवावे. खर्च फार नाही. मित्रांनो, आपणही एक करू या: भरतीत न निवडलेल्या मित्राला "फुकट गेला" म्हणायचे सोडू या. इतक्या पहाटे उठून डोंगर चढणारा मुलगा कुठल्याही कामाला कमी पडणार नाही. त्याला फक्त धडपणे खाली उतरता आले पाहिजे.